पहिल्या शेजाऱ्याचं काम

डीक्सच्या बरगड्यांखालून बाहेर आलेल्या नळीला फेनानं बाटली जोडली आणि चाप सोडला. बाटलीत पाणी उतरायला लागलं. पाणी कसलं, शिळ्या बिअरसारखं पिवळट, वर फेस आणि तळाशी लालसर गढूळ. त्याला वास नव्हता आणि फेनाला त्याचीच जास्त किळस यायची. तिचा जन्म गोठ्यात गेला होता. शेण, जार, सडका खूर, वासराची हगवण, या सगळ्याला आपापला वास असतो आणि काय बिघडलंय ते माणसाला त्यावरून कळतं. हे पाणी मात्र नुसतं गुपचूप येत राहायचं.

"हळू," डीक्स म्हणाला. "गाय पिळतीयस व्हय?"

"गाय परवडली. ती बोलत नाय."

"गायीला लाथ तरी मारता येते. माझ्यात तेवढाही दम उरला नाय."

बोलण्यानं त्याला खोकला लागला. खोकला लागला की सगळं अंग खाटेवर उसळायचं, नळी ताणायची, आणि फेनाला एका हातानं नळी आणि दुसऱ्यानं त्याचा खांदा धरावा लागायचा. खांदा घामानं चिकट झालेला. शेवटी त्यानं उशाशी ठेवलेला कॉफीचा रिकामा डबा ओढला, आत थुंकला आणि काय पडलं ते वाकून बघितलं. बघून झाल्यावर डबा तिच्या नाकासमोर धरला.

"लाल कमी हाय आज."

"ठेवा तो खाली."

"बघ तरी."

"कालच बघितलंय. ठेवा म्हणते ना."

तिनं चाप लावला, नळीवर पट्टी चिकटवली, नर्सनं घालायला शिकवलेले पातळ हातमोजे काढून टाकले आणि कोमट पाण्याची बादली पुढं ओढली. अंग पुसायचं ते मात्र उघड्या हातांनी. बगला, पाठ, मांड्यांच्या घड्या, सगळं. सत्तरी ओलांडलेल्या माणसाची कातडी ओल्या कागदासारखी बोटाबरोबर सरकायची आणि फेना तोंड फिरवून पुसत राहायची. तरी मोजे घालायचे नाहीत, हे तिनं पहिल्याच दिवशी ठरवलं होतं. त्यात दयेचा भाग नव्हता. आपण आणि हा माणूस एका माळेचे मणी नाही, हे त्याला रोज दिसावं, एवढाच हेतू होता.

ट्वेन्टे मुलखाच्या या बाजूला प्रत्येक घराला एक पहिला शेजारी असतो. तो कुणी निवडत नाही, पणजोबांच्या काळापासून ठरलेला असतो. घरात बाळ जन्मलं की आधी त्याला कळवायचं. माणूस अंथरुणाला खिळलं की त्याची गुरं यानं सांभाळायची. मेलं की डोळे मिटायचे, अंग धुवायचं, दारोदार जाऊन सांगायचं, पेटीला खांदा द्यायचा, ते सगळं यानंच. बोलावणं नसतं, नकारही नसतो. डीक्सच्या आणि फेनाच्या घरांत भांडण जुनं होतं. डीक्सच्या बापानं आपल्या चराचं तोंड यांच्या खालच्या रानाकडं वळवलं तेव्हापासूनचं. पण शेजारधर्म त्या भांडणाच्याही आधीचा होता.

पाच वर्षांपूर्वी फेनाचा नवरा मानेस गेला तेव्हा डीक्स आला होता. वेळेवर, काळा कोट घालून, टोपी हातात घेऊन. मानेसला धुवायला बसताना त्यानं खिशातून प्लास्टिकचे लांबलचक हातमोजे काढले. गायीच्या पोटात हात घालायचा असला की खांद्यापर्यंत चढवतात, तसले. फेना दारातच उभी होती. त्या मोज्यांनी त्यानं तिच्या नवऱ्याचं तोंड पुसलं, ओठ दाबून बंद केले. मग तो दारोदार निघाला. दारात उभं राहून काय बोलायचं ते ठरलेलं असतं. अमुक गेला, अमक्या दिवशी माती, तुम्हाला बोलावणं आहे. त्यात कुणी एक शब्द वाढवत नाही. डीक्सनं प्रत्येक दारात तीन शब्द वाढवले. "तंबाखूनं खाल्ला त्याला."

मानेस सिगारेटी वळून ओढायचा हे खरं होतं. धारा काढताना, ट्रॅक्टरवर, न्हाणीत सुद्धा. आणि डीक्सनं जन्मात एक झुरका घेतला नव्हता, हेही खरं. दारू नाही, बायको नाही. दुसऱ्याची चूक दिसली की त्याला जेवण गोड लागायचं, व्यसन म्हणायचं तर तेवढंच.

म्हणून उन्हाळ्यात त्याला खोकल्यातून रक्त पडायला लागलं, तेव्हा फेनाला आधी हसू आलं होतं. ते तिनं कुणाला सांगितलं नाही.

हॉस्पिटलात तीच घेऊन गेली. त्याचं दुसरं होतं कोण? एक पुतण्या अ‍ॅमस्टरडॅमला, तो नाताळला कार्ड पाठवायचा. फुप्फुसाभोवतीचं पाणी काढलं, ते पुन्हा साठलं की घरी काढायला नळी बसवली, तुकडा काढून तपासला, फोटो काढले, आणि मग डॉक्टर लुबर्सनं दोघांना समोर बसवलं. डॉक्टर तरुण बाई होती, शहरी बोलणारी, पण घाईत नव्हती.

"फुप्फुसाच्या कॅन्सरचे मोठे गट दोन," ती म्हणाली. "एक लहान पेशींचा. बाकी सगळे दुसऱ्या गटात. तुमचा दुसऱ्या गटातला आहे, ग्रंथींच्या पेशींपासून सुरू होणारा. सिगारेट न ओढणाऱ्यांना होतो तो बहुतेक हाच."

डीक्स खिडकीबाहेरच्या गाड्या बघत होता.

"टप्पे चार असतात. पहिल्यात गाठ एका जागी असते, तेव्हा कापून काढता येते. दुसऱ्या-तिसऱ्यात ती आसपासच्या लसिकाग्रंथींमध्ये शिरते. तुमच्या फुप्फुसाबाहेरच्या पाण्यातच त्या पेशी मिळाल्यात. म्हणजे चौथा टप्पा. आता कापून उपयोग नाही."

"हिला सांगा," डीक्स म्हणाला. "हिच्या घरात होऊन गेलंय हे. हिला पाठ हाय."

"पण आजार तुम्हाला आहे."

"मरायचं मला हाय. ते मला जमंल. समजून घ्यायचं काम हिला द्या."

डॉक्टर हसली नाही. तिनं सांगितलं, त्या पेशींची अजून एक तपासणी चालू आहे. त्यांच्यात एक ठरावीक बिघाड मिळाला तर रोजच्या गोळीवर भागू शकतं. मिळेलच असं नाही. निकाल यायला वेळ लागेल, तोवर शिरेतून द्यायच्या औषधांचा विचार करता येईल.

"सुया नकोत," डीक्स म्हणाला. "हिच्या नवऱ्याला दिल्या तुमी लोकांनी. मी बघितलंय त्याला. सोललेल्या सशासारखा दिसत व्हता. तसलं काय मला करायचं नाय आणि मी परत येणार नाय. निकाल-बिकाल काय तो हिला फोनवर कळवा. मी फोन उचलत नसतो."

डॉक्टरनं त्याला फिरून फिरून विचारलं. तो हललाच नाही. तेव्हा तिनं फेनाचा नंबर घेतला. परत येताना गाडीत डीक्स लगेच झोपला. तोंड उघडं, लाळ पट्ट्यावर. फेना स्टिअरिंगवर हात आवळून बसली होती. मानेसला झाला होता तो लहान पेशींचा. लहान म्हणजे बरा असणार, असं पहिल्या दिवशी दोघं नवरा-बायको समजून बसले होते. औषधानं तो लोण्यासारखा विरघळला सुद्धा. ईस्टरला गावात पेटवतात त्या होळीसाठी मानेसनं लाकडं ओढली. आणि गवत कापायच्या दिवसांत रोग डोक्यात चढून परत आला. ज्या माणसानं चाळीस वर्षं धारा काढल्या तो धारेच्या यंत्राचा पेला हातात धरून विचारत होता, हे कुठं लावायचं. दोन्ही रोगांचं नाव गावात एकच होतं. पण दोन्ही एक नव्हते, हे फेनाला तिथं बसल्या बसल्या कळलं. डीक्सला कळलं नव्हतं, कारण त्यानं ऐकलंच नव्हतं.

डीक्सच्या आजाराच्या वर्षी पाऊस सप्टेंबरात लागला तो थांबेना. फेनाचं रान सगळं सखल. मका पाण्यात उभा राहून खालून काळा पडायला लागला. कापणीचं यंत्र एकदा घातलं ते निम्म्या चाकांपर्यंत रुतलं आणि दोन ट्रॅक्टरांनी ओढून काढावं लागलं. गायी वेळेआधीच आत बांधल्या, त्यामुळं गोठ्याखालचा शेणाचा हौद काठोकाठ भरला. ओल्या रानात टाकता येईना. फरशीच्या फटींतून काळं पाणी बुडबुडत वर यायचं, गायींच्या खुरांमध्ये जाऊन बसायचं. फेनाचा मुलगा वोल्टर रोज एखादी गाय चौकटीत अडकवून खूर कोरायचा. कोरताना पांढरी घाण निघायची, तिचा वास कपडे धुतले तरी जायचा नाही.

आणि रस्त्यापलीकडं डीक्सचं उंचावरचं रान कोरडं खणखणीत पडलेलं होतं. त्यानं स्वतःच्या गायी कधीच विकल्या होत्या. पावसाच्या सुरुवातीला वोल्टर टोपी काढून त्याच्यापुढं उभा राहिला होता. थोडे दिवस चारायला द्या म्हणाला.

"मेल्यावर," डीक्स म्हणाला होता.

वोल्टरनं ते ऐकून घेतलं आणि पुतण्याला फोन केला. पुतण्या गोड माणूस. म्हातारा गेला की रान तुम्हालाच, मला अ‍ॅमस्टरडॅममध्ये गवताचं काय करायचंय, असं म्हणाला. तेव्हापासून वोल्टर जेवताना रोज विचारायचा, "आज कसं हाय त्याचं?" पहिल्यांदा फेनाला वाटलं, पोरगं मायाळू आहे.

गुरुवारी संध्याकाळी धारा चालू असताना फेनाचा फोन वाजला. डॉक्टर लुबर्स स्वतः होती.

"बिघाड मिळाला," ती म्हणाली. "त्याच्यावरची गोळी आहे आपल्याकडे."

फेनानं पंपाच्या आवाजातून बाजूला होऊन विचारलं, "म्हंजे तो बरा व्हणार?"

"बरा नाही. हा रोग जात नाही, झोपतो. कुणाचा वर्षभर, कुणाचा दोन-तीन वर्षं, कधी त्याहूनही जास्त. पुढं तो गोळीला सरावतो आणि जागा होतो, तेव्हा दुसरं काही बघू. अंगावर पुरळ येईल, जुलाब होतील, नखांच्या कडा चिघळतील. पण खोकला उतरायला हवा, पाणी साठायचं थांबायला हवं. लोक अंथरुणातून उठून हिंडायला लागतात. मात्र उशीर नको. सोमवारी आणाल का त्यांना?"

"सांगते त्याला," फेना म्हणाली आणि फोन खिशात टाकला.

समोरची गाय पाय झाडत होती. फेनानं तिचे पेले काढले, सड पुसले, पुढच्या गायीला लावले. हात आपले चालत होते. गोळी, ती मनात म्हणत होती. पाण्याच्या घोटाबरोबर गिळायची गोळी. मानेसला शिरा सापडेनात म्हणून दोन्ही दंड काळेनिळे केले होते, त्याच्या तोंडात फोड आले होते, तो स्वतःच्या बायकोला ताई म्हणून हाक मारायला लागला होता. आणि या शेंबड्या, थुंकऱ्या, कुजक्या म्हाताऱ्याला गोळी. तिला इतका संताप आला की तिनं लोखंडी दांड्यावर मूठ आपटली. नंतर मूठ दुखली तेव्हा बरं वाटलं.

"कुनाचा फोन?" वोल्टर पाण्याचा पाइप घेऊन आला होता. फरशी धूत होता.

तिनं सांगितलं. सगळं सांगितलं, मानेसला असली गोळी कुणी दिली नाही हेही.

त्यानं पाणी बंद केलं. "त्याला बोललीस?"

"आत्ता तर आला फोन."

"तो तर हॉस्पिटलात जाणारच नाय म्हणतो. मग सांगून काय व्हणार?"

"सुई नाय रे ही. गोळी हाय."

"मी कुठं म्हणतो सांगू नको?" वोल्टर म्हणाला. त्याची नजर दारातून पलीकडच्या उंच रानाकडं गेली आणि पटकन परत आली. "मी एवढंच म्हणतो, घाई काय हाय?"

फेनानं ती नजर पाहिली. पोटचा पोर, त्याला तिनं याच गोठ्यात दुपट्यात गुंडाळून गवतावर निजवला होता. एवढा स्वच्छ चेहरा करून तो हे बोलला. तिला त्याची शिसारी आली. पण गप्प बस असं ती म्हणाली नाही, आणि ते म्हणाली नाही हे तिला धारा संपेपर्यंत टोचत राहिलं.

शुक्रवारी ती गेली ती वाटाण्याचं सूप घेऊन. हाडाबरोबर उकळलेलं, वर डुकराच्या खारवलेल्या मांसाचे तुकडे. आजवर ती त्याला पाव आणि उकडलेला बटाटा यापलीकडं काही देत नव्हती. कामाला बांधील होती, चोचल्यांना नव्हती. डीक्सनं झाकण उघडून वास घेतला आणि तिच्याकडं डोळे बारीक करून बघितलं.

"कुनाचं बारसं हाय?"

"खा गुमान."

सूप खाऊन झाल्यावर तिनं त्याचे पाय कोमट पाण्यात भिजत घातले आणि नखं कापली. ती बैलाच्या शिंगासारखी वाढली होती, पिवळी, आत वळलेली. कापताना एक तुकडा उडून तिच्या गालावर बसला. एरवी ती पाय तसेच सोडून उठली असती. तिनं गाल पुसला आणि दुसरा पाय घेतला. सांगायचंय, सांगायचंय, असं मनात घोकत होती. आधी हे नख होऊ दे. मग म्हणाली, आधी पाणी टाकून येऊ दे. मग घरी आली.

शनिवारी तिनं अंथरूण बदललं. खालच्या चादरीवर त्याच्या अंगाचा आकार उमटला होता, कडेनं पिवळा. पाठीला तेल लावलं. तेल लावता लावता तिनं त्याला सांगितलं की ठिपक्यांची गाय व्यायली, जुळं झालं, एक पायाळू आलं पण जगलं. त्यानं विचारलं, ओढायला दोर लावला की हातानं ओढलं? दोघांनी सगळ्या आयुष्यात मिळून एवढं सरळ बोलणं केलं नव्हतं. मध्येच त्यानं सकाळचं खाल्लेलं तिच्या बाहीवर ओकलं. आंबट, गरम. फेना म्हणाली, "असू द्या."

म्हणाली आणि स्वतःच चमकली.

बाहेर बाही धूत होती तेव्हा ट्राउ सायकलवरून चालली होती. ट्राउ म्हणजे गावचं वर्तमानपत्र. एक पाय टेकून उभी राहिली. "काय गं तुझं मन, फेना! त्यानं तुमच्याशी एवढं वाकडं केलं आणि तू त्याचं सोन्यासारखं करतीयस. मी परवा चर्चमध्ये पण म्हणाले, शेजारीण असावी तर अशी."

"जा बाई तू," फेना म्हणाली. "पाऊस यायलाय."

ट्राउ गेल्यावर तिला खरोखरच ओकारी आली. त्या बाहीच्या वासानं आली असं तिनं स्वतःला सांगितलं.

रविवारी बाटलीत पाणी नेहमीपेक्षा जास्त उतरलं. डीक्सचे ओठ निळसर दिसत होते. तो बसूनच झोपत होता, आडवं पडलं की गुदमरायचा. आज त्यानं डबा तिच्यापुढं धरला नाही. थुंकला आणि न बघताच ठेवून दिला.

"फेना," तो म्हणाला. "मानेसला शेवटी कसं झालं व्हतं गं? बुडाल्यासारखं?"

तिच्या हातातलं फडकं थांबलं.

"मी आलो तेव्हा तो गेलेला व्हता," डीक्स म्हणाला. "त्याच्या आधीचं विचारतोय."

"झोपेत गेला."

"खोटं बोलू नको. तुमच्या घरातनं आवाज यायचा. मी अंगणात उभा राहून ऐकलाय." त्याला धाप लागली. धाप बसेपर्यंत त्यानं तिच्या मनगटाला धरून ठेवलं. बोटं थंड होती. "जे त्याचं झालं तेच माझं. सारखंच. त्यानं निदान सिगारेट ओढून तरी घेतली. मी काय केलं? काहीच नाय केलं आणि शेवट मात्र त्याचाच."

सारखं नाही. तुमचं आणि त्याचं सारखं नाही, शेजारी. हे शब्द फेनाच्या दातांपर्यंत आले होते. त्या माणसाला अख्ख्या जगात हे सांगू शकेल असं एकच माणूस होतं आणि ते त्याचं बूड पुसत होतं. तो घाबरला होता. आणि तिला, खरं सांगायचं तर, त्याचं घाबरणं गोड लागलं. घोटभर गोड लागलं आणि लगेच तोंड कडू झालं.

"झोपा," ती म्हणाली. "उद्या येते."

रात्रीच्या जेवणाला वोल्टरनं तोंडात घास असतानाच सांगितलं, "वरच्या रानाची तार दोन ठिकाणी बदलावी लागंल. आज बघून आलो. बाकी खांब चांगले हाईत."

फेनानं ताट पुढं सरकवलं.

"काय झालं?"

"तुझा बाप असता तर त्यानं काय केलं असतं?"

वोल्टरनं घास गिळला. "बापाला कुनी गोळी दिली नाय, आई. ते तूच म्हणालीस."

बोलला ते खोटं नव्हतं. म्हणूनच तिला त्याच्याकडं बघवेना. एवढा चांगला मुलगा, पहाटे उठणारा, आईला जड बादली उचलू न देणारा, आणि त्याच्या ओठाला बटाट्याचा कण लागला होता, आणि एक म्हातारा गुदमरून कधी मरतो याची तो वाट बघत होता. आणि त्याची आई त्याला जेवायला वाढत होती. डीक्सनं निदान मोजे तरी घातले होते, तिच्या मनात आलं. निदान आपल्याला किळस येते हे तो लपवत नव्हता. सूप नेऊन, तेल चोळून आपण जे चालवलंय त्यापेक्षा ते बरं होतं.

सोमवारी धारा आटोपल्या तशी ती तडक गेली. गमबूट सुद्धा काढले नाहीत. त्याच्या घरात शेणाचे ठसे उमटवत ती खाटेपाशी गेली आणि उभ्यानंच बोलली.

"तुमचा रोग मानेसचा नाय. नाव एकच हाय, पण तो वेगळा आणि हा वेगळा. त्याच्यावर फक्त सुया व्हत्या. तुमच्यावर गोळी हाय. रोज एक. तपासणीत निघालंय. बरे नाय व्हणार तुमी. पण पाणी थांबंल, खोकला उतरंल, हिंडाल-फिराल. वर्ष निघंल, दोन निघतील, जास्तही. पुरळ येईल, हगवण लागंल. आज बोलावलंय."

डीक्स उशीला टेकून बसला होता. पहिल्यांदा त्याला काही समजलंच नसावं. मग त्याचा खालचा ओठ हलायला लागला. त्यानं तोंडावर हात ठेवला. फेना खिडकीकडं तोंड करून उभी राहिली.

"सुई नाय?" त्यानं विचारलं.

"नाय."

"एकबी?"

"रक्त तपासायला टोचतील तेवढीच. ती तर गायीला पण टोचतात."

"कधी कळलं?"

आजच, असं म्हणता आलं असतं. कुणी तपासायला येणार नव्हतं. डॉक्टरला तो विचारायला जाणार नव्हता.

"गुरुवारी," फेना म्हणाली.

डीक्सनं हात खाली घेतला. त्याचे ते पाणचट डोळे तिच्यावर स्थिर झाले, आणि आता शिव्या येणार म्हणून ती तयार राहिली. शिव्या आल्या असत्या तर तिला हव्याच होत्या.

"तरीच," तो म्हणाला. "तरीच म्हटलं, सूप काय, तेल काय. मी ओकलो तरी असू द्या. मला वाटलं, डॉक्टरनं सांगितलं असंल, दोन-चार दिवसांचा सोबती हाय. म्हणून घाबरलो व्हतो मी. तुझ्या त्या चांगुलपणाला घाबरलो व्हतो."

फेनाचे कान गरम झाले.

"मी असतो ना तुझ्या जागी," डीक्स म्हणाला, आणि मध्ये श्वास घ्यायला थांबला, "तर सांगितलंच नसतं."

त्यात टोमणा नव्हता. एखाद्यानं हवा कशी आहे ते सांगावं तसं त्यानं सांगितलं. आणि ते खरं होतं हे फेनाला ठाऊक होतं, आणि आपण त्याच्यापासून फार लांब उभ्या नाही हेही. आपण चार दिवसांनी का होईना सांगितलं, एवढंच अंतर. ते कळल्यावर तिला एवढं हलकं वाटलं की तिलाच त्याची लाज वाटली.

"मला तुमची किळस येते, शेजारी," ती म्हणाली. "अंगाची येते, मनाची येते. मानेस गेल्या दिवसापासून येते."

"ठाऊक हाय की."

"गोळ्या खाऊन दहा वर्षं जगलात तरी ती जायची नाय."

"नको जाऊ दे," डीक्स म्हणाला. त्यानं पांघरूण बाजूला केलं आणि पाय खाली सोडले. पाय थरथरत होते. जमिनीला टेकले तरी त्यानं उठायचा प्रयत्न केला नाही. तिच्याकडं न बघता विचारलं, "पण उद्या येशील ना?"

फेना पुढं झाली. तिनं त्याच्या ओल्या बगलेत हात घातला आणि त्याला उभा केला.